प्रशिक्षक बदलले, संघच गेला

बालेवाडीच्या स्टेडियममध्ये नारिंगी शर्ट घालून ओरडणाऱ्यांत मीही होतो. शेजारी बसणारे एक काका दर हंगामात विचारायचे, "यंदा कोण आलाय?"

प्रश्न रास्तच होता. २०१४ साली सुरू झालेल्या एफसी पुणे सिटीने पाच हंगामांत कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल आणि फिल ब्राउन असे सहा परदेशी प्रशिक्षक पाहिले. मधल्या काळात प्रद्युम रेड्डींनी धुरा सांभाळली. पोपोविच यांच्या हंगामात, २०१८ साली, संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला. बंगळुरूविरुद्ध घरी गोलशून्य बरोबरी, तिकडे ३-१ असा पराभव. तरीही पुढच्या हंगामात नवा माणूस आला आणि तोही ऑक्टोबरमध्येच गेला. तेव्हा आमच्यात दोन तट पडले. कुणी म्हणे, "हरतोय तर काढा." काका म्हणत, "रोप रोज उपटून मुळं बघितली, तर ते जगेल कसं?"

२०१९ साली क्लबच बंद झाला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. ब्राउनही तिकडेच गेले. आम्ही मात्र इथेच राहिलो. प्रशिक्षकावरून भांडायलाही आधी संघ लागतो, हे तेव्हा कळलं.