तीन कोपरे चौकोनी, एक गोल

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, मेडवे नदीकाठी रॉचेस्टरचा किल्ला आहे. त्याचा मुख्य मनोरा चौरस, पण आग्नेय कोपरा तेवढा गोल. ही बांधणाऱ्याची हौस नव्हे, डागडुजी आहे.

इथला दगडी तट अकराव्या शतकाच्या अखेरीस बिशप गंडल्फने बांधला. लंडनच्या व्हाइट टॉवरवर देखरेख करणारा तोच हा. मनोरा नंतरचा. ११२७ मध्ये पहिल्या हेन्रीने किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपांकडे सोपवला आणि आर्चबिशप विल्यम द कॉर्बेलने मनोऱ्याचं काम हाती घेतलं. उंची ११३ फूट, तळाशी भिंती सुमारे १२ फूट जाड. भराव केंटच्या ओबडधोबड दगडाचा. कोपऱ्यांना मात्र नॉर्मंडीहून समुद्रमार्गे आणलेला घडीव दगड.

मला सगळ्यात भावते ती मनोऱ्याचे दोन भाग करणारी मधली भिंत. विहीर तिच्याच पोटात आहे आणि तिचा पोकळ खांब थेट वरपर्यंत नेलेला, म्हणजे कुठल्याही मजल्यावरून पोहरा सोडावा. वेढा पडणार हे धरूनच केलेली आखणी!

तो पडलाही. मॅग्ना कार्टा या सनदेवरून राजाशी बिनसलेल्या सरदारांनी १२१५ च्या शरद ऋतूत किल्ला बळकावला आणि राजा जॉन स्वतः चालून आला. दगडफेकी यंत्रांनी काम भागेना, तेव्हा त्याने कोपऱ्याखाली भुयार खणायला लावलं. युरोपात दारूचे सुरुंग अजून यायचे होते. पाया पोखरायचा, लाकडी टेकूंवर तोलून धरायचा आणि मग टेकू पेटवायचे, अशी ही रीत. २५ नोव्हेंबरला राजाचा हुकूम सुटला: चाळीस लठ्ठ डुकरं पाठवा, खायला फारशी चांगली नसलेली. चरबीने आग भडकली, टेकू जळाले, कोपरा ढासळला. तरी आतले लोक मधल्या भिंतीआड हटून लढतच राहिले. भुकेने टेकीला आले, तेव्हा कुठे ३० नोव्हेंबरला शरण गेले.

पडलेला कोपरा जॉनचा मुलगा तिसरा हेन्री याच्या काळात उभा राहिला, तो गोल. एव्हाना गोल बुरुजांचं चलन आलं होतं. काटकोनाचे दगड पहारीने उचकटणं सोपं, शिवाय टोकाशी खणणारा माणूस वरच्या तिरंदाजाच्या माऱ्यात नीट येत नाही. उरलेले तीन कोपरे मात्र शाबूत होते. ते कोण कशाला पाडतो?

१२६४ मध्ये बंडखोर सरदार सिमॉन द माँटफोर्टने किल्ल्याला पुन्हा वेढा घातला. पण राजाची फौज येतेय म्हटल्यावर तो आठवडाभरातच उठला, आणि नव्या कोपऱ्याची परीक्षा राहूनच गेली.