आधी हात, मग हत्यार, मग गाडी
टेल्कोच्या पुणे येथील प्रेस टूल निर्मितीची वाटचाल

पुण्याजवळच्या पिंपरीतील टाटा मोटर्सचा प्रकल्प जुन्या माणसांच्या तोंडी आजही 'टेल्को'च आहे. या प्रकल्पाचे नाव निघाले की ४०७, सुमो, इंडिका अशा गाड्यांची आठवण होते. या गाड्यांच्या दारांना, छपरांना आणि बॉनेटना आकार देणाऱ्या डाय आणि पंच मात्र फारशा कोणाच्या नजरेस पडत नाहीत. त्या घडवणाऱ्या प्रॉडक्शन इंजिनीअरिंग विभागाची वाटचाल ही भारतीय वाहन उद्योगाच्या स्वावलंबनाचीच वाटचाल आहे.

कंपनीची स्थापना १९४५ साली जमशेदपूरला रेल्वे इंजिने बनवण्यासाठी झाली. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार होऊन ट्रकनिर्मिती सुरू झाली. १९६९ मध्ये हा करार संपणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्यानंतर नवे मॉडेल काढायचे तर त्याच्या डाय कोण बनवणार, हा खरा प्रश्न होता. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या काळात प्रत्येक डाय परदेशातून आणणे परवडणारे नव्हते. ज्याच्याकडे स्वतःची डाय नाही, त्याला स्वतःची गाडीही नाही, हे कंपनीचे सूत्रधार सुमंत मुळगावकर यांनी ओळखले होते.

त्यामुळे १९६६ साली पुणे प्रकल्पाचा श्रीगणेशा झाला, तो वाहनांच्या जुळणीने नव्हे. आधी उभे राहिले ते कामगारांचे प्रशिक्षण आणि यंत्रे-हत्यारे घडवण्याचे विभाग. पुण्यात पहिले व्यापारी वाहन तयार झाले ते १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षे हात तयार करण्यात आणि त्या हातांना हत्यार देण्यात गेली. एवढा धीर धरणे ही त्या काळात मोठीच जोखीम होती. पुढची प्रत्येक गाडी याच पायावर उभी राहिली.

पत्रा घडवणे हे दिसते तितके सोपे काम नाही. गाडीच्या बाहेरच्या अंगाचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. कापून घेतलेला पत्र्याचा तुकडा, म्हणजे ब्लँक, डायवर ठेवतात, ब्लँक होल्डर त्याच्या कडा दाबून धरतो आणि पंच त्याला आकारात ओढतो. दाब कमी पडला तर पत्र्याला सुरकुत्या पडतात. दाब जास्त झाला तर पत्रा कोपऱ्यात पातळ होत जातो आणि फाटतो. या दोन दोषांमधल्या अरुंद पट्ट्यातून वाट काढणे हेच या विद्येचे मर्म आहे. पत्र्याचा ओघ अडवणाऱ्या उंचवट्याची (ड्रॉ बीडची) उंची, कोपऱ्याची गोलाई, तेलाचे प्रमाण, ब्लँकची कड यांपैकी काहीही थोडे बदलले तरी निकाल बदलतो.

सुरुवातीच्या काळात ही सारी मदार अनुभवावर होती. लाकडी पॅटर्न आणि मॉडेलवरून आकार उतरवला जाई आणि ओतीव डाय यंत्रावर कापली जाई. त्यानंतर डायफिटरचे काम सुरू होई. तो डायच्या अंगाला निळा रंग पातळ हाताने लावतो, प्रेस सावकाश खाली घेतो आणि पत्र्यावर रंग कुठे उमटला ते पाहतो. जिथे निळा ठसा गडद, तिथे धातू जास्त टेकतो. तेवढीच जागा हातातल्या ग्राइंडरने घासायची, पुसायची, पुन्हा रंग लावायचा. ठसा सर्वत्र सारखा येईपर्यंत हे चालते. मग निघालेल्या पॅनेलवरून सपाट स्टोन फिरवला की डोळ्यांना न दिसणारा खळगा ओरखड्यांतून उघडा पडतो. अशा ट्रायआउटमध्ये आठवडे जात. आयटीआयमधून उमेदवारीला आलेली मुले वस्तादांच्या हाताखाली हे काम शिकली आणि पुढे स्वतःच वस्ताद झाली.

१९८६ मध्ये ४०७ हे देशी आरेखनाचे हलके व्यापारी वाहन आले आणि पुण्याच्या कामाला बाजारपेठेची पावती मिळाली. त्यानंतर मात्र कसोटीचा काळ आला. कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यातील संघर्ष विकोपाला गेला आणि सप्टेंबर १९८९ मध्ये कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुळगावकरांचे निधन झाले होते. दोन्ही बाजूंना हा काळ जड गेला. तरीही काम थांबून राहिले नाही. १९९१ मध्ये सिएरा, पाठोपाठ इस्टेट आणि १९९४ मध्ये मुळगावकरांच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे मिरवणारी सुमो रस्त्यावर आली.

विभागाची खरी परीक्षा घेतली ती इंडिकाने. प्रवासी गाडीच्या बाहेरच्या पॅनेलवर ट्रकच्या केबिनइतकी सवलत मिळत नाही. दार आणि फेंडर यांमधली फट सरळ हवी आणि रंगाखाली लहानशी लाटही दिसता कामा नये. या गाडीसाठी सातशेहून अधिक डाय लागल्या. ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन टेल्कोच्या अभियंत्यांनी तो सुटा केला, जहाजाने आणला आणि पुण्यात पुन्हा उभारला. डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका बाजारात आली आणि आठवडाभरात सुमारे १ लाख १५ हजार मागण्या नोंदवल्या गेल्या.

यशापाठोपाठ पुन्हा अडचण उभी राहिली. २०००-०१ या वर्षात कंपनीला ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. खर्च कमी करण्याची मोहीम प्रत्येक विभागात पोहोचली. पॅनेलच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा कच्च्या पत्र्याचाच असतो. म्हणून कसबी शिंपी कापड बेततो तशी पत्र्याच्या गुंडाळीवर (कॉइलवर) ब्लँकची मांडणी बेतणे, दोन लहान भाग एकाच डायमध्ये काढणे, एक ऑपरेशन वाचवणे, डाय बदलताना प्रेस थांबण्याचा वेळ घटवणे अशा कामांना मोल आले. २००२-०३ मध्ये कंपनी पुन्हा नफ्यात आली. २००३ मध्ये तिचे नाव टाटा मोटर्स झाले.

दरम्यान या विद्येला शास्त्राची जोड मिळाली होती. १९६० च्या दशकात अमेरिकेत कीलर आणि गुडविन यांनी पत्रा किती ताणला तर फाटेल याची मर्यादारेषा आलेखावर मांडली. पत्र्यावर बारीक वर्तुळे उमटवून तो घडवायचा आणि वर्तुळांची लांबट झालेली रूपे मोजून धोका ओळखायचा, ही पद्धत जगभर रुळली. १९९० च्या दशकापासून हीच मर्यादारेषा संगणकात गेली. आता पोलाद कापण्याआधीच पत्रा कुठे पातळ होईल, कुठे सुरकुतेल हे पडद्यावर दिसते. पूर्वी प्रेसखाली होणाऱ्या चुका आता आरेखनाच्या टेबलावरच सुधारता येतात आणि ट्रायआउटचा वेळ वाचतो.

नव्या काळाने नवे आव्हानही आणले. सुरक्षित आणि हलक्या गाडीसाठी अधिक ताकदीचे पोलाद वापरावे लागते. असा पत्रा दाब काढताच मूळ आकाराकडे परततो. या स्प्रिंगबॅकचा अंदाज घेऊन डायचा पृष्ठभाग मुद्दाम तेवढा उलट्या बाजूला वळवावा लागतो. काही भाग सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून डायमध्येच थंड करण्याचे हॉट स्टॅम्पिंग तंत्रही उद्योगात रुळले आहे. २०१८ मध्ये रांजणगाव येथे बनणाऱ्या नेक्सॉनला आणि २०२० मध्ये पिंपरीत बनणाऱ्या अल्ट्रोजला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. त्यामागे ताकदवान पत्रा नेमका घडवणाऱ्यांची मेहनतही आहे.

आज या विभागाकडे पाच अक्षांची यंत्रे, लेझर यंत्रणा आणि आरेखनकारांचा मोठा गट आहे. भारतीय उपखंडातील सर्वांत बहुविध टूल निर्मिती केंद्रांमध्ये त्याची गणना होते. भोसरी-चाकण पट्ट्यात लहानमोठ्या टूलरूमचे जाळे पसरले आहे. पॅटर्नमेकर, मोल्डर, मशिनिस्ट, डायफिटर, आरेखनकार, क्रेनचालक अशा अनेक पिढ्यांच्या हातांनी ही परंपरा घडवली आहे. संगणकाने अंदाज अचूक केला, तरी डायवर शेवटचा हात आजही डायफिटरच फिरवतो. तो हात घडवण्यासाठी १९६६ साली घेतलेला निर्णय महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील दूरदृष्टीच्या निर्णयांपैकी एक ठरला आहे. तंत्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांनी या व्यवसायाकडे अभिमानाने वळावे, कारण स्वतःची डाय बनवू शकणारा देशच स्वतःची गाडी बनवू शकतो.