वळवणची बोटुकली

पुण्याच्या मुळा-मुठेतला एक मासा कर्नल साइक्सने १८३९ साली शास्त्राच्या दप्तरी नोंदवला, तेव्हा त्याचं नाव त्याने नदीकाठच्या बोलीतूनच उचललं: खुद्री. शास्त्रात तो आज टोर खुद्री, निळसर परांचा महाशीर. नाव आपल्या मातीतलं असलेला हा मासा आपल्याच नद्यांतून दिसेनासा होऊ लागला होता. लोणावळ्याजवळच्या वळवण तलावाकाठचं टाटा पॉवरचं मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं ते या माशासाठी.

१९१५ साली टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं. वळवण, शिरवता, ठोकरवाडी आणि पुढे मुळशी अशा तलावांचं पाणी घाटाखाली झेपावू लागलं. मुळशीच्या धरणाने माणसांची गावं बुडवली. १९२१चा सत्याग्रह त्यातूनच उभा राहिला. माशांचं काय झालं, हे विचारायला मात्र कुणी नव्हतं. महाशीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढतो आणि गोट्या-वाळूच्या स्वच्छ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. बांधाने ती वाट अडली, की वंश अडतो. त्यात डोहात सुरुंग टाकून मासे मारणारे होतेच.

१९७०च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली वळवणला काम सुरू झालं आणि शशांक ओगले यांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. सोपं काहीच नव्हतं. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे लाख-दोन लाख अंडी देते. महाशीराची काही हजारच, तीही एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने. म्हणून पाऊस लागला की तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी जाळी लावायची, पिकलेली मादी सापडेपर्यंत थांबायचं. सापडली की ओल्या फडक्यात धरून पोटावरून हलका हात फिरवायचा. पिवळीधमक, टपोरी अंडी कोरड्या भांड्यात उतरतात. त्यांवर नराचं वीर्य, मग पिसाने ढवळणं आणि शेवटी पाणी. हा क्रम चुकवून चालत नाही, कारण पाणी लागताच शुक्रजंतू जागे होतात आणि मिनिटभरातच निवतात.

अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये तीन-चार दिवसांत फुटतात. पिलं पोटाशी बलकाची पिशवी घेऊन अंधाऱ्या कोपऱ्यात एकमेकांना बिलगून पडून राहतात. बलक संपला की खाणं मागतात. बोटाएवढी वाढली की झाली बोटुकली, तलावात सोडण्याजोगी.

मला या वाटचालीत सर्वांत भावतो तो कापूस. कुलकर्णी आणि ओगले यांनी फलित अंडी ओल्या कापसाच्या थरांत ठेवून विमानाने पाठवून पाहिली, आणि १९७९ साली ती पद्धत शोधनिबंधातून मांडली. पिलांसाठी पाण्याच्या जड पिशव्या आणि प्राणवायू लागतो. इथे एका हलक्या डब्यात हजारो जीव परराज्यात सुखरूप पोचू लागले.

वळवणमध्ये वाढलेली बीजं लाखोंनी राज्यात आणि राज्याबाहेर गेली. धोक्यातल्या यादीतला टोर खुद्री पुढे जागतिक लाल यादीत ‘कमी चिंता’ या वर्गात आला. पण याच यशाची एक जड बाजू आहे. कावेरीत हा मासा मुळात नव्हता. तिथे तो सोडला गेला, फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महाशीर मागे हटत गेला. २०१८ साली तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. वाळूउपसा, धरणं, चोरटी मासेमारी हीही कारणं आहेत, तरी बीज सोडणाऱ्या प्रत्येक हाताने कावेरीची ही गोष्ट ऐकलीच पाहिजे. तेव्हा सोडणाऱ्यांची तळमळ खरी होती. महाशीर म्हणजे महाशीर, एवढंच ज्ञान हाताशी होतं. आज जनुकीय तपासणीने जात आणि खोरं ओळखता येतं. आता ज्या नदीचा मासा, त्याच नदीतली नर-मादी घेऊन बीज करायचं आणि त्याच पाण्यात परत सोडायचं.

असा आपल्याच पाण्यात राखलेला मासा पाहायचा, तर महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले महाशीर देवीचे मानले जातात; त्यांना कुणी गळ लावत नाही. काठावरून मूठभर चुरमुरे टाकले, की हिरव्या पाण्यातून मोठाल्या पाठी वर येतात.