तारेला ढकलणारे बल कोणत्या दिशेला? फॅरडेवरील आरोपाची कथा

१/ डाव्या हाताची तर्जनी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, मध्यमा म्हणजे विद्युतधारा आणि अंगठा म्हणजे तारेवरील बल. दहावीत पाठ केलेल्या या नियमामागे एका तरुण संशोधकाच्या अब्रूचा प्रश्न दडलेला आहे.

२/ जुलै १८२०. डेन्मार्कच्या ओरस्टेडने जाहीर केले की तारेतून विद्युतधारा वाहू लागताच जवळची चुंबकसूची वळते. न्यूटनचे गुरुत्वाकर्षण दोन वस्तूंना जोडणाऱ्या रेषेत ओढते. येथे मात्र सूची तारेकडे ओढली जात नव्हती की दूर लोटली जात नव्हती. ती तारेला आडवी होऊ पाहत होती.

३/ ही दिशा लक्षात कशी ठेवावी? फ्रान्सच्या अँपिअरने एक पोहणारा माणूस कल्पिला. धारा त्याच्या पायांकडून डोक्याकडे वाहते आणि तोंड सूचीकडे आहे. मग सूचीचे उत्तर टोक त्याच्या डाव्या हाताकडे वळते.

४/ एप्रिल १८२१. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वोलस्टनने हम्फ्री डेव्हीसमोर एक प्रयोग केला. चुंबक जवळ आणल्यास तार स्वतःच्या अक्षाभोवती फिरेल, असा त्याचा तर्क होता. तार फिरली नाही.

५/ त्याच संस्थेत डेव्हीचा साहाय्यक होता मायकेल फॅरडे: लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीची उमेदवारी केलेला. सप्टेंबर १८२१ मध्ये त्याने पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा केला आणि वरून टांगलेल्या तारेचे टोक पाऱ्यात बुडवले. धारा सुरू होताच तार चुंबकाभोवती प्रदक्षिणा घालू लागली. धारा उलटी केली की प्रदक्षिणेची दिशाही उलटे.

६/ ऑक्टोबरमध्ये निबंध छापून आला. त्यात वोलस्टनचे नाव नव्हते. फॅरडेने दुसऱ्याची कल्पना चोरली, अशी कुजबुज सुरू झाली.

७/ या आरोपाचा निवाडा बलाच्या दिशेतच होता. वोलस्टनची तार जागच्या जागी गिरकी घेणार होती, तर फॅरडेची तार बाजूला ढकलली जात होती. धारेलाही काटकोनात आणि चुंबकीय क्षेत्रालाही काटकोनात असलेले बल तिला क्षणोक्षणी नव्या जागी नेत होते, म्हणून ती वर्तुळात फिरे. दोन्ही कल्पना मुळातच भिन्न होत्या. १८२३ मध्ये फॅरडेने या घटनाक्रमाचे निवेदन प्रसिद्ध केले.

८/ तरीही डाग सहजी पुसला गेला नाही. जानेवारी १८२४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य निवडला गेला, पण एक मत विरोधात पडले. मतदान गुप्त होते. अध्यक्षपदी डेव्ही होता आणि या निवडीला त्याचा विरोध होता.

९/ पुढे लंडनमधील प्राध्यापक फ्लेमिंगने विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी ही दिशा तीन बोटांवर आणून ठेवली. आज घरातला पंखा फिरतो तोही याच आडव्या बलामुळे.