रुसका

शीघ्रकोपी, तापट, तिरसट, मानी, हळवा: लवकर दुखावणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. तरी ‘रुसका’ या शब्दाची जागा यांपैकी एकासही घेता येणार नाही, असे आम्हांस वाटते. संस्कृत ‘रुष्’ म्हणजे कोपणे. मराठीत आल्यावर हा कोप निवला आणि घरगुती झाला. राग परक्याचाही येतो; रुसवा मात्र आपल्याच माणसावर धरावयाचा असतो, आणि त्याने येऊन समजूत काढावी ही अपेक्षा त्याच्या पोटी असते. कानडीतही ‘मुंगोप’ हा चटकन उसळणारा कोप होय, तर ‘मुनिसु’ रुसव्याचा सख्खा शेजारी.

या शब्दाची कसोटी पाहण्यास बेंगळूरचाच इतिहास पुरेसा आहे. 1638 मध्ये विजापूरकरांनी हे नगर घेतले व ते शहाजीराजांचे ठाणे झाले. 1664 मध्ये राजे निवर्तल्यावर इकडील जहागीर व्यंकोजीराजांकडे आली. पुढे त्यांनी तंजावर घेतले. वडिलांच्या वेळचे कारभारी रघुनाथपंत हणमंते त्यांच्याशी बिनसल्यामुळे शिवाजी महाराजांकडे गेले. 1677 मध्ये कोल्लिडम नदीकाठी तिरुमलवाडीस बंधूंची भेट झाली. महाराजांनी पित्याच्या दौलतीतील वाटा मागितला. व्यंकोजीराजे एका रात्री न सांगता निघून गेले. त्याच वर्षी लढाई होऊन त्यांचा पराभव झाला. अखेर तह झाला, तेव्हा महाराजांनी बेंगळूर दीपाबाईंस चोळीबांगडीसाठी दिले. व्यंकोजीराजे विरक्त होऊन बसल्याचे कळताच महाराजांनी पत्राने त्यांची कानउघाडणी केली, आणि धीरही दिला.

तेव्हा व्यंकोजीराजे रुसके होते काय? तसे म्हणण्याचा मोह होतो खरा. परंतु ते विजापूरचे मनसबदार होते आणि तंजावर त्यांनी स्वतः मिळविलेले होते. वाट्याची मागणी त्यांस अन्यायाची वाटली, तर त्यात नवल नाही. ‘रुसका’ म्हटले की माणसाचा स्वभाव तेवढा दिसतो आणि त्याच्या तक्रारीचा विचार करण्याचे काम आपोआप टळते. या शब्दातील धोका तो हाच. कचेरीतही विरुद्ध शेरा लिहिणाऱ्यास हेच विशेषण मिळते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

महाराजांनी मात्र धाकट्या भावाची तक्रार केवळ स्वभावावर घातली नाही. तहाने व्यवहार मिटविला आणि पत्राने मन सांभाळले. 1687 मध्ये व्यंकोजीराजांनी बेंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांस तीन लक्ष रुपयांस विकण्याचे ठरविले. मध्येच मोगल सरदार कासिमखानाने ते घेतले, तरी शेवटी ते म्हैसूरकरांकडेच गेले. ठाणे हातचे गेले. समजूत काढण्याची ती रीत मात्र आजही उपयोगी पडावी.