डोळ्यातील भिंग आणि विहिरीचे पाणी

वैशाखाच्या तोंडावर बेंबळीसारख्या गावी डोळ्यात घालावयाच्या लेन्सचा इतिहास कोण ऐकणार, असे मला एका मित्राने विचारले. त्याला मी एवढेच म्हणालो की, चष्मा नको म्हणून लेन्स घालणारी मुले-मुली आता आपल्याही घरांत आहेत, आणि उन्हाळा लागला की तीच मुले विहिरीत उड्या घेतात. पूर्वी पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधला की पोहणाऱ्याची काळजी मिटत असे. आता डोळ्यात काय आहे तेही विचारावे लागते.

पाणी नितळ दिसते म्हणून ते निर्जीव असते असे नव्हे, हे आपल्या मुलखाला नव्याने सांगावयास नको. नारू आठवणारी वडीलधारी मंडळी येथे असतील. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी पाय बुडवी, जखमेतील जंत पाण्यात पिले सोडी, ती पाणपिसूच्या पोटात जात आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. गाळलेले पाणी आणि पायऱ्या बंद केलेल्या विहिरी यांनी तो रोग गेला. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. आज ज्या जीवाविषयी बोलावयाचे तो नारूहून पुष्कळच लहान आहे, आणि तो पोटातून नव्हे, डोळ्यातून शिरतो.

गंमत अशी की, लेन्सची कल्पनाच मुळी पाण्यातून निघाली. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३७ साली, पाण्याने भरलेली नळी थेट डोळ्याला लावली तर दृष्टी सुधारेल, असे लिहून ठेवले. १८०१ साली टॉमस यंग या इंग्रज डॉक्टराने टोकाला भिंग असलेली, पाणी भरलेली नळी स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिली. अशी नळी घेऊन कोण फिरणार? पुढे १८८८ साली झूरिकच्या अडॉल्फ फिक याने काचेची पातळ वाटी डोळ्यावर बसविल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. आधी सशांवर, मग स्वतःवर, मग इतरांवर असा त्याचा क्रम होता. काच आणि डोळा यांच्यामध्ये तो द्राक्षशर्करेचे पाणी भरी. थोड्या तासांवर ती वाटी कोणाला सोसत नसे. १९४८ साली अमेरिकेत केव्हिन टुओही याने केवळ बुबुळापुरती प्लॅस्टिकची लेन्स केली. तीही कडकच होती.

मऊ लेन्स करणारा माणूस मात्र मला फार जवळचा वाटतो. प्रागचा रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले. १९४२ साली त्याला जर्मनांच्या गेस्टापोने पकडले होते. १९५८ साली त्याच्याच देशातील राज्यकर्त्यांनी त्याला विद्यालयातून काढले. लेन्सचे संशोधनही वरून थांबविण्यात आले. तेव्हा १९६१ च्या नाताळात त्याने घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलांच्या मेर्कूर नावाच्या खेळण्याचे पट्टे-स्क्रू आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र बनविले आणि त्यावर पहिल्या चार मऊ लेन्स ओतल्या. पुढे सरकारने हक्क अमेरिकनांना विकले. त्यात मूळ कारागिराच्या पदरी फारच थोडे पडले. कामगार चळवळीतल्या माणसाला यात नवल वाटत नाही. १९७१ साली ही लेन्स अमेरिकेत विक्रीस आली.

विख्टरलेच्या या पदार्थात जवळजवळ चाळीस टक्के पाणीच असते, म्हणून तर तो डोळ्याला सोसतो. पण ज्याच्या अंगात पाणी मुरते त्याच्या अंगात पाण्यातले इतर काहीही चिकटून राहू शकते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. तो आपला प्राणवायू हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत घेतो. एरवी पाण्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर पापणी आणि अश्रू त्याला धुऊन काढतात. लेन्स असली म्हणजे तो शिंतोडा तिच्याखाली अडकतो आणि त्यातील जीवाला पडद्याशी तासन् तास गाठ घालता येते. लेन्सने पडद्यावर बारीकसा ओरखडा आधीच काढलेला असला तर विचारावयासच नको.

त्या जीवाचे नाव अकांथअमीबा. १९३० साली कॅस्टेलानी नावाच्या डॉक्टराला तो यीस्टच्या संवर्धनात सापडला. माती, विहीर, नदी, नळ, पोहण्याचा तलाव, सगळीकडे तो असतो. संकट आले की तो स्वतःभोवती दुहेरी भिंत बांधून निजतो. नळाच्या पाण्यात घालतात तेवढे क्लोरीन त्या भिंतीला पुरत नाही. म्हणजे पिण्यास उत्तम असलेले पाणीही लेन्सला चालत नाही, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. पोटात पाचकरस आहे, बुबुळावर तो नाही, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पटावी. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात या रोगाचे रोगी एकदम वाढले. तपास केला तेव्हा, मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच लेन्सचे द्रावण करणारे त्यांत पुष्कळ निघाले. चार पैसे वाचविण्याचीच ती गोष्ट.

पण या रोगाची पहिली ओळख लेन्सवाल्यात पटलेली नाही. १९७३ साली टेक्सासमधील एका गुरे पाळणाऱ्याच्या दुखावलेल्या डोळ्यात तो आढळला. आपल्याकडे तर त्याची गाठ बहुतेक कष्टकऱ्यांशीच पडली. हैदराबादला १९८७ साली डॉ. गुल्लापल्ली एन. राव यांनी एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था स्थापन केली. तेथील डॉक्टरांनी नोंदविलेले रोगी बहुतांशी लेन्स न घालणारे, गरीब, डोळ्याला इजा झालेले किंवा घाण पाण्याशी संबंध आलेले असे होते. १९५६ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. खळ्यावर डोळ्यात कुसळ जाते, उसाचे पान लागते, आणि गडी हौदातल्या पाण्याने डोळा धुतो. मग दुकानातले थेंब, मग डोळे आलेत म्हणून आठ दिवसांची वाट, आणि शेवटी डोळ्यात फूल पडले म्हणून हात जोडणे. त्यातले कित्येक फूल बुरशीचे असते, काही जंतूंचे आणि काही या अमीबाचे. खरवडून तपासल्याशिवाय ते कळत नाही. आमच्या संघटनेतील एका ऊसतोड कामगाराचा डोळा असाच गेला. मी स्वतः त्याला, चार दिवस गुलाबपाणी घाल, असा सल्ला दिला होता. ते आजही मला सलते.

लाली दिसते त्या मानाने वेदना फार आणि उजेड मुळीच सोसत नाही, अशी स्थिती झाली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि लेन्स घालतो, पाण्यात गेलो होतो, हे न विचारता सांगावे, कारण सुरुवातीला हा रोग दुसऱ्याच एका विषाणूच्या रोगासारखा दिसतो. यावरचे एक औषध पोहण्याच्या तलावातील पाणी शुद्ध करावयास वापरतात त्याच जातीचे आहे. ते थेंब पहिल्या दिवसांत तासातासाला आणि पुढे महिनोन् महिने घालावे लागतात. उशीर झाला तर मेलेल्या माणसाने दान केलेला पडदा बसविण्याची पाळी येते.

आंघोळीला, विहिरीला, रंगपंचमीला जाताना लेन्स काढून ठेवावी. हात साबणाने धुऊन पार कोरडे करूनच ती हाताळावी. तिची डबी नळाखाली धरू नये, तिच्यातले कालचे द्रावण ओतून द्यावे आणि थुंकी लावून लेन्स पुसण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. चुकून लेन्ससह बुडी मारलीच तर ती ताबडतोब काढावी. एका दिवसाची असेल तर फेकून द्यावी. मुलगी दाखविण्याच्या दिवशी चष्मा नको म्हणून घातलेली लेन्स पुढे हळदीच्या आंघोळीतही डोळ्यात राहते, हे मी एका मांडवात पाहिले आहे. त्या मुलीला लेन्स देणाऱ्याने डबीसोबत एक कागद दिला होता. तो इंग्रजीत होता, आणि तिच्या आईने तो जपून, घडी न मोडता, कपाटात ठेवला होता.