स्वयंपाकघरातली ती रात्र

आम्ही ईश्वर मानत नाही. तरीही मार्टिन ल्यूथर किंग यांची ख्रिस्ती श्रद्धा बाजूला सारून त्यांचा लढा समजत नाही, हे आम्हाला मान्य करावे लागते.

जानेवारी 1956. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात बसमधील वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्काराचा दुसरा महिना चालू होता. किंग 27 वर्षांचे पास्टर, नुकतीच डॉक्टरेट मिळालेली, घरात तान्ही मुलगी. एका रात्री धमकीचा फोन आला आणि झोप उडाली. स्वयंपाकघरात कॉफीचा कप पुढ्यात ठेवून, भित्रा न दिसता यातून बाजूला कसे व्हावे, याचाच विचार ते करत होते! तिथेच त्यांनी देवापुढे बळ संपल्याची कबुली दिली. उठले ते लढ्यात राहायचे ठरवून. 30 जानेवारीला घरावर बॉम्ब पडला. पत्नी आणि मुलगी बचावल्या. बहिष्कार 381 दिवस चालला.

श्रद्धा सगळ्यांनाच असे उठवते असे नाही. 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी, बहुतेक ख्रिस्तीच, निदर्शनांची ही वेळ नव्हे असे जाहीर केले. किंग यांनी त्यांना तुरुंगातून उत्तर लिहिले. ‘जरा थांबा’ हा सल्ला आपल्यालाही नवा नाही.

त्याच 1956 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी आग्र्यात शिकलेल्यांविषयीची खंत बोलून दाखवली होती. मित्रांनो, ती आमच्याविषयीच होती. दीक्षाभूमीचा फोटो दिवाणखान्यात लावायचा आणि मोर्चाच्या दिवशी रजा मिळत नाही म्हणायचे. ही सबब आम्हीही सांगितली आहे.

किंग यांना 1964 मध्ये नोबेल मिळाले. सुमारे 54 हजार डॉलरची ती रक्कम त्यांनी चळवळीला देऊन टाकली.